बाळाला हातात धरून खाता येतील असे मऊ मासे: कोणता मासा घेता, कसा करता?

केतकी_वसई:
नमस्कार मंडळी. लेक दहा महिन्यांची आहे. हल्ली चमचा दिसला की तोंड फिरवते, पण ताटात काही ठेवलं की स्वतः उचलून खाते. रताळ्याच्या, भोपळ्याच्या उकडलेल्या फोडी, इडलीचे तुकडे, धिरड्याच्या पट्ट्या असं सगळं आवडीने चालतं. आमचं घर पक्कं मासेखाऊ. वरणभातात कुस्करलेलं पापलेट तिने बऱ्याचदा खाल्लंय आणि काही त्रास झालेला नाही. आता मासा तिच्या हातात देण्यासारखा करायचा आहे.

अडचण अशी की नुसती उकडलेली तुकडी दिली तर मुठीत तिचा भुगा होतो. आमच्यासारखी रव्यात घोळवून तळली तर वरचा थर कडक होतो आणि तिला पुढचे चारच दात आहेत. मुठीत टिकेल आणि हिरड्यांखाली दबेल असं काहीतरी हवं आहे. मासा कुठला घ्यावा, काटे कसे काढता, बांधणीला काय घालता, सगळंच सांगा. मीठ अजून घालत नाही. सासूबाईंचं म्हणणं आहे की वर्ष-दीड वर्ष होईपर्यंत मासा नकोच. त्यावरही लिहिलंत तर बरं होईल, कारण मला त्यांचं मन वळवायचं आहे, वाद घालायचा नाही.

नीलांबरी:
रावस. डोळे झाकून रावस.

मालवणी_मुलगा:
मुडदुशी. कारवारकडे हिला काणे म्हणतात. लांबट, रुपेरी, बोटभर ते वीतभर मासा. आमच्याकडे आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि लहान पोरांना हाच मासा देतात, कारण मांस पांढरं, हलकं आणि वास जवळपास नाहीच. मधला काटा शिजल्यावर डोक्याकडून धरून ओढला की अख्खा निघतो. बाजूला थोडे बारीक काटे राहतात ते बघावे लागतात. महाग आहे हे खरं, पण बाळाला लागतो किती!

प्राची_ठाणे:
+१ मुडदुशीला.

केतकी, मी जे करते ते सविस्तर लिहिते. साधारण दीडशे ग्रॅम रावस, कातडी काढून. कोळीणबाईंना 'लहान बाळासाठी हवाय' असं सांगितलं की त्या मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी मांस सोडवून देतात. पण पाठीपासून आत शिरलेल्या बारीक काट्यांची एक रांग त्या मांसात राहतेच. ती कच्च्या माशातच काढायची. बोट डोक्याच्या दिशेने उलटं फिरवलं की टोकं टोचतात, मग भुवयांच्या चिमट्याने (स्वयंपाकघरासाठी वेगळा ठेवा) काट्याच्या तिरपेपणाच्या दिशेने ओढायचं. सरळ वर ओढलं तर मांस फाटतं.

मग मोदकपात्रात आठ-दहा मिनिटं. मांस पूर्ण पांढरं झालं आणि काट्याचमच्याने पाकळ्या सुटल्या की लगेच बंद. जास्त वाफवलं की मासा सगळं पाणी सोडतो आणि चोथा होतो, मग कितीही बटाटा घाला, घशात कोरडाच लागतो. मऊपणाचं अर्धं काम इथेच होतं असं माझं मत आहे.

रताळं भाजून घ्या, उकडून नको. उकडलेल्यात पाणी राहतं, मग पीठ जास्त लागतं आणि पीठ जास्त झालं की घट्ट गोळा होतो. माशाइतकंच रताळं, एखादा चमचा नाचणीचं पीठ कोरडं भाजून, कोथिंबीर अगदी बारीक, चिमूटभर हळद, लिंबाचे दोन-चार थेंब. माझ्या बोटाएवढ्या लांबट, किंचित चपट्या वळ्या करून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग जाड तव्यावर थोडंसं तूप सोडून मंद आचेवर झाकण ठेवून परतायच्या. झाकण महत्त्वाचं. वाफेमुळे वरचा पापुद्रा धरतो पण कडक होत नाही.

खाली_काटा_शोधा:
प्राचीताईंनी उत्तम लिहिलं आहे. काट्यांबद्दल थोडी भर घालतो. शिजलेला मासा कधीही वाटीत कुस्करू नका. मोठं स्टीलचं ताट घ्या, भरपूर उजेडात बसा, हात स्वच्छ धुवा आणि एक-एक पाकळी बोटांच्या पेरांमध्ये चोळत ताटावर पसरा. काटा राहिला असेल तर ताटावर घासला जाऊन करकर करतो. डोळ्यांना न दिसलेला काटा कानाला सापडतो. आणि मिक्सर अजिबात नको. मिक्सरमध्ये काटा नाहीसा होत नाही, त्याचे तुकडे होतात आणि मग ते शोधता येत नाहीत.

गीता_काकू:
मिक्सरबद्दल शंभर टक्के खरं. हे काम ज्याने चष्मा लावलाय त्यानेच करावं असा आमच्या घरी नियम आहे. :)

वाघोली_वाले_बाबा:
मी आप्पेपात्रात करतो. मूगडाळ भिजवून वाटायची, त्यात कुस्करलेला मासा, किसलेला दुधी, आलं. गोल गोल छान फुलतात, तेल थेंबभर. मुलगा दीड वर्षाचा आहे, आवडीने खातो. चिलापी वापरतो, उजनीची मिळते इथे ताजी. स्वस्त आणि काटे मोठे.

सई_बालरोग:
मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून तीन-चार गोष्टी नीट लिहिते.

आधी आप्प्यांबद्दल. कृती छान आहे, पण गोल आणि घट्ट आकार लहान बाळांना अख्खा देऊ नये. श्वासनलिकेत अडकायला गोल वस्तू सगळ्यांत वाईट, म्हणून तर आपण द्राक्षं उभी चिरून देतो. आप्पे करायचेच तर उभे चार भाग करून द्या. दहा महिन्यांच्या बाळाला लांबट, चपटी पट्टी उत्तम. मुठीत धरल्यावर वर थोडी उरते आणि तेवढीच तोंडात जाते. नऊ-दहा महिन्यांपासून अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते, तेव्हा हरभऱ्याएवढे मऊ तुकडेही चालतात. कुठलाही पदार्थ देण्याआधी स्वतःच्या अंगठ्याने आणि बोटाने दाबून बघा. हलक्या दाबाने चेपला तर तो बाळाच्या हिरड्यांनाही चेपेल.

आता 'वर्षभर मासा नको' याविषयी. केतकी, तुमच्या सासूबाई काही मनाचं सांगत नाहीत. एके काळी डॉक्टरच असं सांगत असत. अमेरिकन बालरोग अकादमीने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत मासे देऊ नका असा सल्ला दिला होता. उशीर केल्याने ॲलर्जी टळते याला आधार मिळाला नाही, म्हणून २००८ मध्ये तो मागे घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडं यांपैकी काहीतरी रोज मिळावं असं म्हटलं आहे. सासूबाईंना 'तुमच्या वेळी बरोबर होतं, आता डॉक्टरांनीच बदललं' असं सांगा. त्यात त्यांचा मानही राहतो आणि ते खरंही आहे.

मासा पहिल्यांदा देताना सकाळी द्या, घरी असताना, थोडासा, आणि त्या दिवशी दुसरा नवीन पदार्थ नको. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, खोकला, श्वासाला घरघर असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणखी एक प्रकार लोकांना कमी माहीत असतो: मासा खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ पुन्हा पुन्हा उलट्या करतं, पांढरं पडतं, मलूल होतं. अंगावर पुरळ काहीच नसतं, त्यामुळे 'पोट बिघडलं' म्हणून सोडून दिलं जातं. तीही माशाची प्रतिक्रिया असू शकते. असं झालं तर डॉक्टरांना दाखवा आणि आपल्या मनाने पुन्हा देऊन बघू नका. ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा आधीच कशाची ॲलर्जी आहे, त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा.

वाघोली_वाले_बाबा:
धन्यवाद डॉक्टर. आजपासून चार भाग.

अनिरुद्ध_लंडन:
इकडे गोठवलेले कॉड, हॅडॉक मिळतात, कातडी आणि काटे काढलेले. तरी बोट फिरवून बघतोच, पाकिटावर 'काटेविरहित' लिहिलं तरी एखादा राहतो. इथल्या मुलांचा लाडका पदार्थ म्हणजे फिश फिंगर. बर्ड्‌स आय कंपनीने १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आणला, तेव्हापासून पिढ्या त्यावर वाढल्यात. पण तो मोठ्या मुलांचा. वरचा पावाचा चुरा भाजल्यावर कडक होतो आणि मीठही असतं. इथल्या आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसभरात १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, आणि १ ते ३ वर्षांत २ ग्रॅमपर्यंत. त्यामुळे मी घरीच करतो, आणि चुऱ्याऐवजी पोहे कोरडे भाजून मिक्सरला बारीक दळतो. ती पूड माशातलं पाणी पटकन शोषते, म्हणून आवरण मऊ राहतं.

नीलांबरी:
पोह्यांची पूड! हे मस्त आहे, करून बघणार.

आगरी_आई:
सगळे पापलेट-रावसावर का थांबलात? ताजे बोंबील घ्या. जगात याहून मऊ मासा नसेल. मधला काटा काढायचा, पाणी निथळू द्यायचं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकायचा. आमच्याकडे दात नसलेली आजी आणि दात न आलेलं पोर दोघं एकाच ताटात खातात.

खाली_काटा_शोधा:
बोंबील मऊ आहे हे खरं, पण मधल्या काट्याला लागून केसांसारखे काटे असतात. मोठ्यांना ते लागत नाहीत, बाळाच्या घशाला लागू शकतात. मी दीड-दोन वर्षांनंतर म्हणेन.

आगरी_आई:
ते काटे शिजल्यावर विरघळल्यासारखे होतात हो. पिढ्यान्‌पिढ्या देत आलोय.

सई_बालरोग:
दोघांचंही ऐकून सांगते. बोंबलाचे काटे मऊ असतात हे बरोबर. तरी वर्षाच्या आत द्यायचा तर शिजवून, मधला काटा आणि त्याच्या कडेचं थोडं मांस मोठ्यांनी खावं आणि बाहेरच्या बाजूचं मांस बाळाला द्यावं. त्यात पाणी खूप असतं, म्हणून नुसता तो हातात टिकणार नाही. पोह्यांची पूड किंवा उकडलेला बटाटा लागेल.

आगरी_आई:
चालेल. कडेचं मांस आमच्या वाट्याला येतंय तर आमची काही तक्रार नाही. :)

देसाई_आजोबा:
माशाबरोबर दूध नको हे कोणी लिहिलं नाही अजून. आयुर्वेदात हा विरुद्धाहार सांगितला आहे. कोड येतं असं आमच्या घरात सांगत. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला मासा कसा काय देता?

सई_बालरोग:
आजोबा, विचारलंत ते बरं केलंत, हा प्रश्न मला दवाखान्यातही नेहमी येतो. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटली की कोड येतं. मासा आणि दूध एकत्र खाण्याशी त्याचा संबंध आढळलेला नाही. आईचं दूध तर अजिबात थांबवू नये, मासा खाल्ल्यावर लगेच पाजलं तरी चालतं. वरचं दूध देत असाल आणि घरातल्यांना मनाला बरं वाटत नसेल, तर मासा दुपारी आणि दूध संध्याकाळी द्या. त्याने बाळाचं काही बिघडत नाही.

देसाई_आजोबा:
ठीक. सुनेला दाखवतो हे. तिचं म्हणणं तेच होतं.

मृणाल_कोलकाता:
आम्ही नोकरीमुळे इकडे. बंगाल्यांच्या अन्नप्राशनात, म्हणजे आपल्या उष्टावणात, बाळाच्या ताटात मासा असतोच. शेजारच्या काकींकडून एक गोष्ट शिकले ती सांगते. रोहू-कटल्याचे इंग्रजी वायच्या आकाराचे दुतोंडी काटे फार वाईट, पण ते पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात असतात. मोठ्या माशाची पोटाकडची तुकडी घेतली, जिला इथे पेटी म्हणतात, तर तिच्यात फक्त बरगडीचे मोठे काटे असतात, ते सहज दिसतात आणि निघतात. महाराष्ट्रात गोड्या पाण्याचा मासा खाणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. इथल्या माशावाल्याला 'बच्चा खाएगा' म्हटलं की तो पेटीच काढून देतो.

भंडारा_एक्सप्रेस:
आमच्याकडे तलावाची मरळ. काटे कमी, मांस घट्ट. आजारातून उठलेल्याला रस्सा देतात. पण घट्ट असल्यामुळे बाळाला नुसती तुकडी देऊ नका, कुस्करून भोपळ्यात मिसळा. लाल भोपळा वाफवून, पाणी पिळून काढून, निम्मा मासा निम्मा भोपळा. रंगही सुंदर येतो.

शर्वरी_पुणे:
सुरमई कोणीच कशी लिहिली नाही? तिचे काटे सगळ्यांत सोपे. एक मधला, बस.

प्राची_ठाणे:
पाऱ्यामुळे असेल. डॉक्टर सांगतीलच.

सई_बालरोग:
हो. मोठा मासा लहान माशांना खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. जितका मोठा, जितका म्हातारा, तितका जास्त. म्हणून मोरी म्हणजे शार्क, तलवार मासा, मार्लिन हे मुलांना नकोत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या टाळायच्या यादीत किंग मॅकरेल आहे. तो अटलांटिकमधला, आपल्या सुरमईचा भाऊबंद. आपली सुरमई तोच मासा नाही, पण शिकारीच आहे आणि मोठी वाढते. मी आईबापांना सांगते की लहान सुरमई कधीतरी चालेल, आठवड्याचा मासा म्हणून ती नको. बांगडा, तारली, मुडदुशी, पापलेट हे नेहमीसाठी बरे. प्रमाण विचाराल तर त्याच प्रशासनाच्या सल्ल्यानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण २८ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. म्हणजे प्राचीताईंच्या दोन-तीन वळ्या. वर्षाच्या आत त्याहून कमी.

मालवणी_मुलगा:
बांगडा म्हणालात म्हणून. बांगडा तेलाचा मासा, त्यामुळे तो कोरडा पडत नाही, हा त्याचा मोठा गुण. उकडून कातडी काढली की बाजूच्या मधल्या रेषेवर मांस आपोआप दुभंगतं. एका बाजूचे दोन, असे चार लांब पट्टे निघतात. मधल्या रेषेवरची काळपट पट्टी आणि तिथले काटे काढून टाकायचे, पोटाकडच्या बरगड्याही. मग बाळाला आयती पट्टी मिळते, वळी वळायचीही गरज नाही. वरून नारळाचा घट्ट रस चमचाभर. आमच्या धाकट्याला असाच देतो.

हळदीची ताजी पानं मिळत असतील तर पट्टे त्यात गुंडाळून वाफवा. पातोळ्यांसारखा वास लागतो माशाला, मसाला नसला तरी बेचव वाटत नाही.

सई_बालरोग:
बांगडा ताजाच हवा हे मी ठळक करून लिहिते. बांगडा, कुपा, तारली असे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, पुरळ येतं, उलट्या होतात. अगदी ॲलर्जीसारखं दिसतं आणि मग आयुष्यभर 'याला मासा चालत नाही' असा शिक्का बसतो. म्हणून पिशवीत बर्फ टाकून आणा, घरी आल्या आल्या साफ करून फ्रीजमध्ये. तरी असं झालंच, तर तो हिस्टामीनचा प्रकार की खरी ॲलर्जी हे घरी ठरवायला जाऊ नका. आधी दवाखाना, आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत मासा बंद.

रोहिणी_मडगाव:
ताजेपणाचा विषय निघालाच आहे तर, २०१८ च्या जुलैमध्ये आमच्याकडे गोव्यात मासे टिकवायला फॉर्मॅलिन हे घातक रसायन लावत असल्याच्या आरोपाचं केवढं प्रकरण झालं होतं आठवतंय? बाहेरून येणाऱ्या माशांवर काही काळ बंदीच आली. घरात बाळ होतं तेव्हा आमच्या, मासे बंद करून अंड्यावर काढले ते दिवस. तेव्हापासून मी बाळाचा मासा फक्त ओळखीच्या नुस्तेकान्नीकडून (कोळिणीकडून) घेते, पहाटेच्या होडीचा. कल्ले उघडून लाल बघायचे, डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, बोटाने दाबलं की खळगा परत भरायला हवा. आणि माशीही बसत नसेल अशा माशापासून लांब राहायचं.

गीता_काकू:
पावसाळ्यात काय करायचं हाही प्रश्न आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी, माशांचा विणीचा काळ. त्या दिवसांत बाजारात येतो तो बराचसा साठवणीचा. मी मे महिन्यात बाळासाठी म्हणून काटे काढलेल्या छोट्या छोट्या पुड्या गोठवून ठेवायला सांगते सुनेला. तोवर नदी-तळ्याचा मासा आहेच.

प्राची_ठाणे:
आणि पापलेटाची पिल्लं कोणी घेऊ नका कृपया! 'बाळासाठी छोटं पापलेट' म्हणून तळहाताएवढीही नसलेली विकायला असतात. २०२३ मध्ये पापलेटला राज्याचा मासा म्हणून घोषित केलंय, ते यासाठीच की त्याची संख्या घटतेय. वाढायच्या आधीच पकडली तर आपल्या मुलांना मोठेपणी पापलेट मिळायचं नाही. शिवाय पिल्लात काटेच जास्त, मांस कुठे असतं?

मालवणी_मुलगा:
+१००

तन्वी_के:
सुकी मच्छी चालेल का? सोडे किंवा जवळ्याची पूड घातली की चव छान येईल असं आई म्हणते.

सई_बालरोग:
वर्षाच्या आत नको, मीठ फार असतं. सोडे आणि जवळा ही कोळंबीची जात. तिची ॲलर्जी माशापेक्षा वेगळी असते, एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही. ती ताजी, वेगळ्या दिवशी, नवीन पदार्थ म्हणून सुरू करा. आणि कोळंबी शिजल्यावर चिवट होते, त्यामुळे अगदी बारीक चिरून.

शाकाहारी_शेजारी:
धागा वाचतोय, माझ्या उपयोगाचा फक्त रताळं आणि पोह्यांची पूड. तरी एक विचारतो: मासे न खाणाऱ्या घरात हेच पनीर घालून जमेल ना?

प्राची_ठाणे:
जमेल. ताजं मऊ पनीर घ्या, हाताने भरपूर मळा. नाचणीचं पीठ थोडं कमी लागेल.

केतकी_वसई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मुडदुशी आणली, हळदीची पानं मात्र मिळाली नाहीत, केळीच्या पानात वाफवली. स्टीलच्या ताटाची युक्ती कमालीची आहे, एक काटा खरंच करकरला. अर्ध्या माशाच्या रताळं घालून वळ्या केल्या, अर्धा तसाच पट्ट्या करून ठेवला. पट्ट्या तिने मुठीत चिरडल्या आणि मग तळहात चाटला. वळ्या मात्र धरून, वरचं टोक चोखून, हळूहळू चावून खाल्ल्या. पोह्यांच्या पुडीत घोळवलेल्या जास्त चांगल्या टिकल्या.

सासूबाईंना डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी उरलेल्या मुडदुशीचे काटे त्याच काढत बसल्या होत्या.

एकच शंका राहिली. खाताना मध्येच तिला उमासा आला, चेहरा लाल झाला, जीभ बाहेर आली आणि तुकडा बाहेर पडला. मी घाबरले, पण ती लगेच दुसरी वळी उचलून मोकळी. हे नॉर्मल आहे का?

सई_बालरोग:
तुम्ही वर्णन केलंत तो उमासाच आहे. आवाज येतो, खोकला येतो, चेहरा लाल होतो आणि बाळ स्वतःच तुकडा पुढे ढकलतं. हे शिकण्याच्या वयात होतंच. अशा वेळी तोंडात बोट घालू नका, तुकडा मागे जाऊ शकतो. शेजारी शांत बसून लक्ष ठेवा.

घशात खरंच अडकलं तर आवाज येत नाही. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळसर होऊ लागतात. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आपल्या हातावर पालथं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबा, पुन्हा थापा. सोबत कोणालातरी १०८ ला फोन करायला सांगा. बाळ बेशुद्ध झालं तर लगेच जीवनसंजीवनी (सीपीआर) सुरू करायची असते. ती वाचून येत नाही, प्रत्यक्ष शिकावी लागते. बऱ्याच रुग्णालयांत असे वर्ग होतात, आईबाबा आणि आजी-आजोबा सगळ्यांनी एकदा करून घ्यावा.

आणि मासाच काय, काहीही खाताना बाळ ताठ बसलेलं हवं. रांगता रांगता किंवा गाडीत मागच्या सीटवर नको.

तन्वी_के:
हे छापून फ्रीजवर लावते.

शर्वरी_पुणे:
वळ्या करून किती दिवस ठेवता येतात? नोकरीमुळे रोज जमत नाही. पाळणाघरात डबाही द्यायचा आहे.

प्राची_ठाणे:
फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यापुढे नाही. मी वळून, परतायच्या आधी ताटलीत सुट्या सुट्या गोठवते आणि घट्ट झाल्या की डब्यात भरते. महिनाभर चांगल्या राहतात. मासा आधीच गोठवलेला असेल तर तो शिजवूनच पुन्हा गोठवायचा, कच्चा परत गोठवायचा नाही. काढल्यावर थेट मंद तव्यावर, झाकण ठेवून, आतपर्यंत वाफ निघेल इतकं गरम. एकदा गरम केलं की उरलेलं टाकून द्यायचं.

पाळणाघरात मी मासा पाठवत नाही. डबा दोन-तीन तास बाहेर राहतो, आणि तिथे काट्याकडे कोण बघणार? तिकडे रताळ्याच्या वळ्या, मासा रात्री घरी.

अनिरुद्ध_लंडन:
आमच्या इथे पाळणाघरात फ्रीज आहे, तरी मीही हेच करतो. शर्वरी, गोठवताना डब्यावर माशाचं नाव आणि तारीख लिही. महिन्याने सगळ्या वळ्या सारख्याच दिसतात.

शर्वरी_पुणे:
लिहिते. शनिवारी उजनीची चिलापी आणतेय, वाघोलीवाले, तुमचा माशावाला कुठे बसतो ते निरोपातून कळवा.